आत्याचे डबे आणि आठवीचा वर्ग

माणूस ओळखण्याच्या बाबतीत या जगात दोघांवरच भरवसा ठेवावा, असं माझं जुनं मत आहे. एक वरचा आणि दुसरी माझी आत्या. त्यातही वरच्याचा व्याप मोठा असल्यामुळे त्याच्याकडून कधीमधी गफलत होते. आत्याकडून होत नाही, असं निदान आत्याचं तरी म्हणणं आहे. वळसंगहून आत वळलं, की डांबर संपून खडी सुरू होते आणि खडीही जिथं कंटाळून संपते तिथं तिचं गाव. मी सोलापुरात भवानी पेठेत राहतो, बँकेत नोकरी करतो, दिवसभर लोकांच्या सह्या आणि फोटो ताडून बघतो. पण माणूसच ताडून बघायची वेळ आली, की मुकाट्यानं मोटारसायकल काढतो आणि आत्याकडे जातो.

तिची पद्धत अगदी साधी आहे. ज्याची पारख करायची त्याच्या घरी ती स्टीलच्या छोट्या डब्यातून शेंगाचटणी पाठवते आणि गप्प बसते. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. घरात काही नसलं तरी चिमूटभर साखर घालतात, निदान गुळाचा खडा ठेवतात. तेव्हा परत आलेला डबा काही ना काही बोलतोच, अशी आत्याची श्रद्धा आहे. डबा किती दिवसांनी आला, कोण घेऊन आलं, घासून आणला की नुसता विसळून, आत काय घातलं आणि ते घालताना हात आखडला की मोकळा सुटला, हे सगळं ती झाकण उघडून एका नजरेत वाचते. या संशोधनापायी तिच्या मांडणीवरची निम्मी भांडी कायम गावभर फिरतीवर असतात आणि ती स्वतः कधी कधी चहा वाटीतून पिते.

माझं लग्न याच डब्यानं जमवलं. स्थळ सगळ्यांना पसंत होतं, पण आत्याचा डबा परत आल्याशिवाय माझे वडील होकार कळवायला तयार नव्हते. डबा आला. तळाशी साखर होती आणि साखरेवर, का कोण जाणे, एक लिंबू ठेवलं होतं. आत्यानं ते हुंगलं, फिरवून बघितलं. "साखर समदीच घालत्यात," ती म्हणाली, "पर लिंबू दारचं हाय. म्हंजे दारात झाड हाय, आनि त्येला रोज पानी घालनारं मानूस घरात हाय. पोरगी आना." ते लिंबू बाजारातून आणलं होतं, हे बायकोनं मला लग्नानंतर सांगितलं. आत्याला ते अजून कुणी सांगितलेलं नाही. माझ्या धाकट्या भावाला करमाळ्याचं एक स्थळ आलं होतं. तिथून डबा लखलखीत घासून, पण रिकामा आला. "भांडी झकास घासत्यात," वडिलांनी बाजू घ्यायचा प्रयत्न केला. "व्हय, कामाची मानसं हायेत," आत्या म्हणाली, "पर हात सुटत न्हाय त्येंचा." स्थळ तिथंच संपलं. भाऊ आता दोन लेकरांचा बाप आहे, तरी एस.टी. स्टँडवर करमाळ्याची पाटी दिसली की जरा रेंगाळतो.

बाकीचेही तिचे कायदे असेच. ती म्हशीशी कानडीत बोलते आणि माणसांशी मराठीत, कारण म्हैस अक्कलकोटकडची आहे आणि तिला मराठी कळत नाही. मी एकदा म्हशीला "हो बाजूला" म्हणालो. योगायोगानं ती हललीच नाही, आणि आत्यानं माझ्याकडे असं बघितलं की पुढं वाद घालायची सोय उरली नाही. सरकारी माणूस कितीही मोठा असो, ती आधी त्याला "जेवला का?" विचारते आणि तो नाही म्हणाला तर पुढचं काम बोलत नाही. उपाशी माणसानं घेतलेला निर्णय टिकत नाही, असं ती म्हणते. आमच्या बँकेच्या कामाची पाहणी केल्यापासून माझ्या सगळ्या साहेबांना ती उपाशीच समजते.

अशा या बाईपुढं दोन वर्षांपूर्वी शाळेची निवडणूक येऊन उभी राहिली. आत्याचा मुलगा आणि सून पुण्यात कारखान्यात कामाला आहेत, एका खोलीत राहतात. त्यांची मुलगी गौरी बालवाडीपासून आत्याजवळ वाढली. ती तेव्हा सातवीत होती, आणि गावातली शाळा सातवीपर्यंतच. आठवीसाठी वळसंगला जावं तर वाट निर्जन, एस.टी.ची वेळ एस.टी.लाच माहीत. मुलानं फोनवर सांगून टाकलं होतं, की गावात आठवी नसेल तर जूनमध्ये पोरीला पुण्याला नेणार. आत्या त्या दिवशी "बरं" म्हणाली आणि संध्याकाळी म्हशीवर उगाच ओरडली. एवढ्यात बातमी आली, की शाळेच्या पालक समितीनं जोर लावला तर आठवीचा वर्ग गावातच मिळू शकतो. ठराव करायचा आणि मंजुरी येईपर्यंत सोलापुरात शिक्षण खात्याच्या कचेरीत खेटे घालायचे. ते खेटे समितीच्या अध्यक्षानं घालायचे. म्हणजे गौरी आत्याजवळ राहणार की जाणार, हे अध्यक्ष कोण होतो यावर आलं.

कागदोपत्री अध्यक्ष समितीनं निवडायचा असतो, पण आत्याच्या गावात सगळी पालकसभाच हात वर करून निवडते. एरवी कुणी व्हायला तयार नसतं. त्या वर्षी तिघं निघाले. ऊस आणि द्राक्षांवर पोसलेले बागायतदार बाळासाहेब, किराणा दुकानदार मल्लप्पा, आणि दुसऱ्यांच्या रानात रोजानं जाणारी शोभा, जिची मुलगी गौरीच्याच वर्गात होती. आत्याचं मत एकच, पण तिचा हात वर गेला की तिच्या आळीतल्या सगळ्या बायकांचे हात आपोआप वर जातात. म्हणून तिघंही तिच्या ओसरीवर येऊन गेले. आत्यानं कुणालाही हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तिघांच्या घरी डबे गेले.

बाळासाहेबांचा डबा दुसऱ्याच दिवशी ड्रायव्हर घेऊन आला. त्यात पेढे होते, आणि सोबत एक नवाकोरा मोठा डबा, त्यातही पेढे. आत्यानं नवा डबा परत पाठवला. पण रिकामा कसा पाठवायचा, म्हणून त्यात चटणी घातली. तिकडून तो बुंदी घेऊन आला. आत्यानं कुरडया भरून धाडला, तर तो चिवडा होऊन परतला. आठवडाभर तो ड्रायव्हर दुसरं काहीच करत नव्हता. शेवटी आत्यानं डबा देवळाला देऊन टाकला, तेव्हा कुठं तो थांबला. "न मागता देतंय, त्ये न मागता न्येतंय बी," असा निकाल देऊन तिनं बाळासाहेबांना बाद केलं. मल्लप्पा मात्र डबा गेला त्याच दिवशी संध्याकाळी स्वतः आला होता. डबा घासलेला, तळाशी मूठभर साखर, आणि दारातच ठेवून "येतो आक्का" म्हणून गेला. आत्याचं मन भरलं.

मी म्हणालो, "आत्या, मल्लप्पा चांगला आहे, पण तो गल्ला सोडून गावाच्या वेशीपर्यंत तरी गेलाय का कधी? सोलापूरला खेटे कोण घालणार?"

"डबा बोलला की," आत्या म्हणाली.

गौरी मधे पडली. "आज्जी, शोभाकाकूंनाच अध्यक्ष हू दे. गुर्जींसंगं त्याच गेल्या हुत्या कचेरीत. बाकीचं कोन गेलंय?"

"तिचा डबा कुटं हाय?" आत्यानं विचारलं. शोभाचा डबा आलाच नव्हता. आठवडा झाला, पंधरवडा झाला. इतकंच नाही, आत्या समोरून येताना दिसली की शोभा गल्ली बदलायची. एकदा तर ती आत्याला बघून भर उन्हात एका गोठ्यात शिरली आणि तिथल्या मालकिणीनं "काय पायजे गं?" विचारल्यावर "काय न्हाय" म्हणून तिथंच उभी राहिली. आत्याला हे कळलं तेव्हा ती मला म्हणाली, "जिच्या ध्यानात डबा ऱ्हात न्हाय, तिच्या ध्यानात ठराव काय ऱ्हानार?" आळीतल्या बायकांना निरोप गेला: मल्लप्पा.

सभा रविवारी होती म्हणून मीही गेलो होतो. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या होत्या. गुरुजींनी पहिलं नाव बाळासाहेबांचं घेतलं. बऱ्यापैकी हात वर झाले, ड्रायव्हरचाही झाला. त्याचं मूल त्या शाळेत नव्हतं, म्हणून तो खाली करावा लागला. मग मल्लप्पाचं नाव. आत्याचा हात वर निघाला, मागोमाग आळीचे हात निघाले, आणि तेवढ्यात शोभा आली. थेट रानातून, पायाला माती, कडेला पदराखाली काहीतरी धरलेलं. आपण उमेदवार आहोत आणि सभा चालू आहे, याची तिला काही फिकीर दिसली नाही. ती सरळ आत्यापुढं येऊन बसली आणि पदराखालचा डबा तिच्यापुढं ठेवला.

"आक्का, लई उशीर झाला," ती म्हणाली. "रिकामा कसा देऊ? घरात त्या टायमाला काय सुदिक न्हवतं. मूग झाला की देऊ म्हटलं. तोडनीची वाटनी काल मिळाली."

आत्यानं डाव्या हातानं झाकण काढलं. डबा नव्या मुगानं काठोकाठ भरला होता. "साखरंचे चार दानं घातलं असतंस तरी चाललं असतं की," ती म्हणाली.

"साखर बी न्हवती, आक्का."

"आनि मला बघून गल्ली का बदलत हुतीस?"

"लाज वाटत हुती."

आत्याचा उजवा हात अजून अर्धवट वर होता. मागे आळीचे सगळे हात तिच्या हाताकडं बघत तसेच अर्ध्यावर थांबले होते. गुरुजींनी दोनदा मोजायला सुरुवात केली आणि दोनदा सोडली. "आक्का, हा हात वर धरायचा का खाली?" त्यांनी शेवटी काकुळतीला येऊन विचारलं. आत्यानं हात खाली घेतला. आळी खाली आली. सगळ्यांनी मल्लप्पाकडं बघितलं, तर तो मोठं ओझं उतरल्यासारखा हसत होता. "ब्याड आक्का, मला नगंच," तो म्हणाला. "दुकान सोडून मला कुटं जायाला येतंय? गिऱ्हाइकांनी हुबं केलं, तुमी बी व्हय म्हनला, म्हनून गप बसलो हुतो." पुढचं नाव शोभाचं घेतलं, तेव्हा आत्याच्या आधी त्याचाच हात वर गेला.

घरी येताना आत्यानं मुगाचा डबा स्वतःच धरला होता. मी जरा चिडवायचं म्हणून म्हणालो, "डब्याचं चुकलं म्हणायचं का मग?" ती थांबली. "डब्याचं कशाला चुकंल?" ती म्हणाली. "वाट बघायची असती, ती म्या बघितली न्हाय." मग थोडं पुढं गेल्यावर आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "घरात मूठभर साखर न्हाय, आनि म्या तिला इसराळू म्हनले." त्या रात्री गौरीच्या हाती शोभाकडं बरंच काही गेलं, डब्यातून नव्हे, पिशवीतून गेलं, म्हणजे परत करायचा प्रश्न नको.

शोभानं मंजुरी आणली. रोज बुडवून ती सोलापूरला जायची, कचेरीतल्या बाकावर भाकरीचं फडकं सोडून बसायची आणि साहेब दौऱ्यावर आहेत म्हटलं की "मग येईपत्तर बसते" म्हणायची. आत्यानं तिला बजावून ठेवलं होतं, की साहेबाला आधी जेवला का विचार. तिनं खरंच विचारलं असावं, कारण जूनमध्ये आठवीचा वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी आत्या शाळेच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिली होती, आणि कुणी विचारलं तर म्हैस शोधतेय म्हणून सांगत होती. गौरी वर्षभर घरी राहिली. दोघी सकाळी भांडायच्या, संध्याकाळी ओसरीवर बसून एकीनं अभ्यास करायचा आणि दुसरीनं तो मोठ्यानं वाचायला लावायचा. माझी आत्या इतकी सुखात मी त्याआधी पाहिली नव्हती.

नववी मात्र गावात नाही, आणि ती काही कुणाच्या खेट्यानं मिळण्यासारखी नव्हती. यंदाच्या जूनमध्ये मुलगा येऊन गौरीला पुण्याला घेऊन गेला. मी पोचवायला गेलो होतो. एस.टी. वळणाआड गेली तरी आत्या रस्त्याकडंच बघत होती.

"एक सांगू का तुला?" ती म्हणाली. "त्ये आठवीचं समदं शाळंसाठी न्हवतं रं. माझ्यासाठी हुतं. तिच्या आईचं एक वरीस म्या ठिवून घेतलं."

मी तिच्याकडं वळून बघितलं.

"बराबर केलं न्हवं म्या?"

जन्मभर तिनं गावाला पास-नापास केलं होतं; स्वतःचा निकाल कुणाला विचारताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मला तिची फार माया आली. "बरोबर केलंस, आत्या," मी म्हणालो. तिनं माझ्या तोंडाकडं नीट निरखून बघितलं. मग पदरानं डोळे टिपले आणि चालायला लागली.

"जेवून जा," मागं न बघता ती म्हणाली. "सकाळी सवयीनं दोघींच्या भाकरी केल्यात. एकटीला सरायच्या न्हाईत."

मी जेवायला बसलो, आणि पोट भरल्यावरही आणखी एक मागून घेतली.