माल्याच्या खाचरातली जीप

जीप भाताच्या खाचरात गेली तेव्हा मी ती अतिशय उत्तम चालवत होते.

हे आधीच सांगते, कारण माले गावात अजूनही उलटंच सांगतात. माझ्या वडिलांचा पुण्यात छोटा छापखाना. स्त्री-पुरुष समतेची पत्रकं तिथे छापायची आणि एका खटारा मोटारीतून गावोगाव वाटायची. त्याच मोटारीवर मी चालवायला शिकले. लायसनसुद्धा काढलं! मग लग्न होऊन माल्याला आले. हे नोकरीला दूर भुसावळला. घरात सासरे, म्हणजे मामंजी, आणि सासूबाई, म्हणजे आत्याबाई. दोघं दिवसाकाठी चार वाक्यं बोलत (त्यातली दोन बैलांशी). मी कुठल्याही विषयावर वाद घालायला कंबर कसून तयार. पण वादाला समोर माणूस लागतं! संध्याकाळी मी चुलीपुढे बसून समतेवर भाषण करायची. चूल विझायची.

मनातलं बोलावं असं माणूस एकच, पौडच्या शाळेतल्या मास्तरीणबाई. आणि मामंजींनी लष्कराच्या लिलावात घेतलेली जीप तर दारातच उभी! किती महिने मागे लागले, तेव्हा मामंजी आत्याबाईंकडे बोट दाखवून बोलले.

"हिला घिऊन पौडाला जा अन् ये. गाडीला खरचटलं न्हाई, तर दर बाजाराला गाडी तुजी. खरचटलं, तर किल्ली माज्या कमरंला. पुन्यांदा इशय न्हाई."

बातमी गावभर झाली.

"बाईमानूस गाडी हाकनार? कवा निगनार त्ये सांगा, गुरं बांदून घेतो!"

"गुरांचं सोड, म्हातारा आत घे!"

आत्याबाई मागे बसल्या. (पुढे बसणाऱ्याला मरण आधी येतं, असा त्यांचा हिशेब.) डोळे घट्ट मिटलेले.

"आलं का गं पौड?"

"आत्याबाई, अजून अंगणातच आहोत आपण!"

पौडपर्यंत एक धक्का नाही. मास्तरीणबाईंच्या दारात उभ्या उभ्याच मी बोलत सुटले. इतके शब्द साठले होते की त्या बिचाऱ्यांना 'आत या' म्हणायलाही फट सापडेना. परतीच्या वाटेवर आत्याबाईंनी डोळे उघडले.

"बरी चालिवतीस की!"

लग्नानंतरचं पहिलं कौतुक! किल्ली माझीच झाली म्हणून मी मनात पुढच्या बाजाराचे विषयसुद्धा ठरवले. तेवढ्यात गावाअलीकडच्या मोरीच्या कठड्यावर मामंजींचे वडीलभाऊ, थोरले मामंजी, गावातल्या म्हाताऱ्यांना घेऊन बसलेले दिसले.

वाऱ्याने माझा पदर खांद्यावर आलेला. आता, 'पदर हे गुलामीचं निशाण' या पत्रकाची लेखिका मी! पण ते माझ्या हातांनी वाचलेलं नसावं. दोन्ही हात चाक सोडून पदराकडे धावले. पदर डोक्यावर आला. मान खाली झुकली. आणि जीप मोठ्या आत्मविश्वासाने बांध ओलांडून भाताच्या चिखलात शिरली.

"बगा! मी म्हनत न्हवतो? बायकांना डावं-उजवं कळतच न्हाई!"

"अवो, कळलं आस्तं तर चूल कुनी फुकली आस्ती?"

मामंजी गावातून धावत आले. आधी जीपकडे पाहिलं, मग आत्याबाईंकडे, शेवटी माझ्याकडे. किल्ली काढून हातात घेतली.

"गाडी येती का न्हाई तुला? खरं बोल."

गप्प राहावं, तर हा चिखल साऱ्या बायकांच्या माथी. खरं बोलावं, तर माझ्या पत्रकाच्या!

"येते!" मी ओरडले. "थोरले मामंजी दिसले म्हणून पदर घेतला, म्हणून गेली!"

मग थोरल्या मामंजींना गहिवरच आला.

"आरं, कसली मर्यादेची सून हाय! गाडी सोडली, पर पदर न्हाई सोडला!"

मला चिखलात गडप व्हायचं होतं. पण चिखल गुडघ्याएवढाच.

"म्हंजी म्हातारा दिसला की गाडी खाचरात?" मामंजी किल्ली कमरेला खोचू लागले. "मग रस्त्याला म्हातारी काय कमी हायेत?"

तेव्हा मागच्या सीटवरून आत्याबाई म्हणाल्या, "द्या ती किल्ली तिला. ती चाक धरंल. पदराचं मी बगते."

तेव्हापासून दर बाजाराला पौडच्या रस्त्याने मी समतेच्या गप्पा मारायला जाऊ लागले. सगळी वाट दोघी गप्प. गाडी मी एकटी चालवायची, कोणाच्याही आधाराशिवाय! फक्त मागे आत्याबाई दोन्ही हातांनी माझा पदर माझ्या डोक्यावर दाबून धरून बसलेल्या असत.