भुसावळहून आणलेल्या निळ्या बाटल्या

मी मुळात भित्रा माणूस. शाळेत चित्रकला शिकवतो, आणि हेडमास्तर समोरून आले तरी हातातला खडू खाली पडतो. तरी बेचाळीस साली दिवाळीच्या आधी मी धुळ्याहून भुसावळला जाऊन आलो, तेही बाटल्या आणायला. कारण दादा. माझा मोठा भाऊ दोन महिने तुरुंगात होता आणि दिवाळीला सुटेल असा निरोप आला होता. आई म्हणाली, दारात आकाशकंदील हवा. लढाईमुळे रंगीत कागद मिळेना. आमच्या गल्लीतले करीमचाचा तसबिरींना काचा बसवत आणि जुन्या बाटल्या कापून, त्यांची कडी तारेत ओवून सुरेख कंदील करत. पण त्यांच्याकडच्या निळ्या बाटल्या संपल्या होत्या. "भुसावळला साहेब लोकांच्या बंगल्यांतून औषधाच्या बाटल्या निघतात. चल माझ्यासोबत," ते म्हणाले.

सकाळच्या मोटारीने निघालो. पेट्रोल नव्हतं म्हणून मोटार कोळशावर चाले, आणि पारोळ्याच्या चढावर सगळ्यांना उतरून ढकलावी लागली. जळगावपर्यंत भाडं सव्वा रुपया, धूळ फुकट. एरंडोलला झाडाखाली बसून आईने दिलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला. तुम्ही जाल तेव्हा पाणी घरूनच न्या. जळगावहून पुढे आगगाडी. रुळांच्या कडेने बंदूकवाले शिपाई उभे होते. कुठे तारा तोडलेल्या, कुठे रूळ उखडलेले, अशी कुजबुज डब्यात चालली होती. दादा अशाच काही भानगडीत धरला गेला होता, म्हणून मी मान खाली घालून बसलो.

भुसावळचा भंगारवाला मोठा दिलदार. बारा बाटल्या निवडू दिल्या. आठ गडद निळ्या, चार हिरव्या. बांधायला त्याने केळीची वाळलेली पानं पुढे केली. मी म्हटलं, नको, आमच्याकडे घरचा कापूस आहे. खानदेशातला माणूस काहीही बांधायचं म्हटलं की कापूसच काढतो. बाटल्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मधे कापूस घातला, आणि तळाशी राहिलेलं औषध सांडू नये म्हणून प्रत्येकीच्या तोंडातही बोळा कोंबला. चाचांना दाखवलं. त्यांची नजर अधू, ते म्हणाले, छान. काच कापायला लागणारा सुतळीचा गुंडा आणि रॉकेलची कुपी त्याच पिशवीत होती. चाचा कुठेही गेले की तिथेच एखादी काच कापून बघत.

परतताना जळगावच्या मोटार तळावर हवालदार पिशव्या तपासत होता. माझी पिशवी हातात घेतली आणि तो थबकला.

"हाई काय शे?"

तोंडात कापूस कोंबलेल्या बारा बाटल्या, रॉकेल, सुतळी. मी ते त्याच्या डोळ्यांनी पाहिलं. तुरुंगात असलेल्याचा भाऊ जाळपोळीचं सामान घेऊन मोटारीत चढतोय. मी धरला गेलो तर दादाची सुटका लांबणार, आई घरात एकटी.

"कंदील करानं शे, भाऊ," चाचा म्हणाले. "बाटली कापीसन."

"काच अशी कापाई जास का?" हवालदाराने चाचांना बाजूला सारलं आणि माझ्याकडे बोट केलं. "तू करी दखाड."

चाचांच्या दुकानात मी तीनदा प्रयत्न केला होता. तिन्ही वेळा चुरा. आता ड्रायव्हरने पाण्याची बादली आणून ठेवली, माणसं गोळा झाली. मी सुतळी रॉकेलात बुडवली, निळ्या बाटलीला दोन वेढे घातले. गाठ बसेना. चाचा लांबून नुसते म्हणत होते, "बेटा, घट्ट. घाई नको." दोन काड्या विझल्या. तिसरी लागली, जाळ सुतळीवरून गोल पळाला. बाटली फिरवत मी मनात आईचं नाव घेत होतो. जाळ मंदावताच बाटली पाण्यात बुडवली.

टक.

तळ सुटून बादलीत पडला. कड एका जागी वाकडी गेली होती, पण कापली होती. हवालदाराने वरचा तुकडा उचलून उन्हाकडे धरला आणि त्यातून मोटार, गर्दी, मला, सगळ्यांना पाहिलं.

"बठ्ठं निळं दिसस," सगळीकडे नजर फिरवत तो म्हणाला. मग पिशवीकडे वळला. "तोंडमा कापूस कोंबानी अक्कल कोनी शे?"

"माझी," मी म्हणालो.

रॉकेल आणि सुतळी त्याने ठेवून घेतली, बोळे काढायला लावले आणि आम्हांला जाऊ दिलं.

तेव्हा बाटल्या आणायला जाणारच असाल तर केळीची पानं घ्या. कापूस घरी ठेवा.

दादा धनत्रयोदशीला आला, बराच वाळून. संध्याकाळी चाचांनी केलेला कंदील टांगला आणि त्याने काडेपेटी माझ्या हातात दिली. "लाव. तूच आणलास ना?" मी काडी काढली, पण ओढायच्या आधीच पेटी आईच्या हातात दिली. आईने पुढे होऊन पणती लावली. भिंतीवर निळी, हिरवी वर्तुळं पडली, त्यांतलं एक वाकडं. ते वाकडं कसं, असं दादाने विचारलं तेव्हा मी जळगावची हकीकत सांगितली. तो हसेल असं वाटलं होतं. आमच्या घरात धीट तो आणि भित्रा मी, हे लहानपणापासून ठरलेलं.

"खूप भ्यालास का?" त्याने विचारलं.

"खूप."

दादा त्या वाकड्या वर्तुळाकडे बघत राहिला.

"मी रोज भीत होतो," तो म्हणाला. "आईला सांगू नकोस."