सोयाबीन निघाल्यावर

वाशिम मागे पडलं आणि बस अनसिंगच्या वाटेला लागली. उन्हाला हळदीचा रंग चढला होता. वाळल्या सोयाबीनचा वास खिडकीतून आत येत होता. लग्न होऊन नागपूरला निघाले तेव्हा याच रस्त्यावर मी नाकाला रुमाल लावून बसले होते, नव्या चपलांना माती लागू नये म्हणून पाय वर घेऊन! ती बया आज शेजारी येऊन बसती, तर मीच उठून दुसरी सीट धरली असती.

धाकट्या भावानं, गौतमनं, बोलावलं होतं. आजोबांपासूनचं वावर (शेत) विकायचं चाललं होतं. त्याचा मुलगा पुण्यात, त्याचे स्वतःचे गुडघे गेलेले. घेणारा तयार होता. अडलं होतं ते घरच्या रिवाजापाशी: उभ्या पिकाचं वावर विकायचं नाही. आज सोयाबीन निघणार होतं, आणि बहीण म्हणून माझा होकार हवा होता.

शेती सांभाळते ती त्याची सून सविता. तिनं भाकर आणि अंबाडीची भाजी पुढे सारली. "पोटभर जेवा आत्याबाई. आज वावरात लय पाहाचं हाय."

गौतम बैलगाडीतून वावरात आला. पावसाळाभर त्याला वावर दिसलंच नव्हतं. बायांचे विळे चालू लागले, सोयाबीन आडवं होत गेलं, आणि त्यामागे हातभर उंचीची हिरवी रोपं रांगेनं उभी राहिली. जणू कोणी झोपेतून उठून बसावं तशी.

"हे काय होय?"

"संत्र्याची कलमं, मामाजी."

"कोनाले इचारून लावली?"

"इचारलं असतं तं लावू देल्ली असती काय?"

बायांनी तोंडाला पदर लावले. मी उघड हसले.

"आक्का, तुले मालूम होतं?"

"नाई रे. मालूम असतं तं खड्डे कराले आली असती."

"अन् हे पीक निघन कवा?"

"संत्रा निघत नाई मामाजी, उभाच राह्यते."

गौतम काठी टेकत खाली उतरला. एका कलमाच्या गळ्यात वेल अडकली होती, ती त्यानं हळूच सोडवली. तेवढ्यात घेणाऱ्याचा फोन आला.

"नाई भाऊ, पीक उभं हाय अजून. कवालोक (कधीपर्यंत), ते मले नाई सांगता येत."

परतीच्या बसमध्ये धुरकट संध्याकाळ होती. सविता एकटी किती वर्षं ओढेल, नातवंडं इथं राहतील का, कोणाला ठाऊक? फळ धरेपर्यंत मी तरी असेन का? विचार करता करता डोळा लागला. झोपेत मी गार सावलीत संत्रं सोलत बसले होते, आणि गौतम लांबून ओरडत होता, "आक्का, सालटं धुऱ्यावर (बांधावर) नोको टाकू!"