फ्रिजवरचे सतरा नियम

कॅनडातल्या ओकव्हिलमधलं माझं पहिलं घर म्हणजे एका मराठी जोडप्याचं बेसमेंट. जागा बघायला गेलो त्या दिवशी मी घरमालकांच्या पाया पडलो. पडायला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. माझ्या प्रत्येक फॉर्मवर कुणीतरी मोठ्या माणसाने सही केली, तेव्हा मी एकेक पायरी वर सरकलो. मुख्याध्यापकांनी केली, तलाठ्यांनी केली, वसतिगृहाच्या रेक्टरांनी केली. त्या सगळ्यांच्या पाया पडलो आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. ती माणसं तेवढी मोठी होती. पण सवय अशी लागली की चष्मा, पोट आणि खिशाला पेन असलेला कुणीही समोर आला की मी आपला वाकतो.

"अरे, अरे, राहू दे," मालक म्हणाले आणि पाय जरा पुढे केला.

"मला काका म्हण. लीज वगैरे कशाला? आपल्या माणसांत कागद आणायचा नसतो. ते सगळं ह्या गोऱ्यांना लागतं."

मला भरून आलं. आईला फोन करून सांगितलं, देवमाणूस भेटला.

देवमाणसाने दुसऱ्याच दिवशी माझ्या फ्रिजवर कागद चिकटवला. इंग्रजीत टाइप केलेला, वर ठळक अक्षरांत 'रूल्स फॉर टेनंट'. एकूण सतरा नियम. मासे शिजवायचे नाहीत. तळण करायचं नाही. आंघोळ दहा मिनिटांत उरकायची. ये-जा मागच्या दाराने. बर्फ पडला तर काकांची गाडी निघायच्या आत ड्राइव्हवे फावड्याने साफ करून ठेवायचा. सतरावा नियम, जागा एकाच व्यक्तीसाठी आहे. खाली माझं नाव, तारीख आणि काकांची लांबलचक, शेपूट असलेली सही. आपल्या माणसांत कागद आणायचा नसतो, तो फ्रिजवर लावायचा असतो, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी तो कागद दर रविवारी फ्रिजबरोबर पुसत असे. आणि पुसताना वरच्या मजल्यावर तळत असलेल्या सुरमईचा वास व्हेंटमधून खाली येत असे.

मी घरचा कधी असायचो आणि भाडेकरू कधी, हे काका ठरवायचे. खुर्च्या उचलायच्या असल्या, त्यांचा प्रिंटर रुसला, गणपतीची आरास करायची असली की मी घरचा. हीटर वाढवून मागितला की भाडेकरू. एकदा गणपतीच्या जेवणाला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "खालचा मुलगा भाडं देतो का हो?"

"छे! ह्याच्याकडून भाडं घेऊ? मुलासारखा आहे तो आम्हाला."

मी मोदकांचं ताट घेऊन शेजारीच उभा होतो. त्या महिन्याचं भाडं काकांना सकाळीच पोचलं होतं. काकांनी माझ्याकडे बघून स्मित केलं. मीही केलं. त्या माझ्या हसण्याची मात्र मला आजही किळस येते.

दोन हिवाळे असे गेले. मग बायकोचा व्हिसा आला. ती मेच्या अखेरीस येणार होती आणि फ्रिजवर सतरावा नियम होता. 'गो' लोकल ट्रेनच्या स्टेशनजवळच्या एका इमारतीत एक बेडरूमची जागा मिळत होती. नोकरीचं पत्र होतं, क्रेडिट रिपोर्ट होता. फक्त आधीच्या घरमालकाचं पत्र हवं होतं. जागेला आणखी दोघं रांगेत होते. इमारतीच्या मॅनेजर बाईंनी मला शुक्रवारपर्यंतची मुदत दिली. पत्र नाही तर जागा नाही, आणि जागा नाही तर बायकोने उतरायचं कुठे?

आमच्याकडे दाखला मागायचा म्हणजे मजकूर आपणच लिहून न्यायचा असतो, साहेबांनी फक्त सही करायची. मी तसंच केलं. पत्र टाइप केलं, पेढ्यांचा बॉक्स घेतला आणि वर गेलो.

काकांनी चष्मा लावला. "टेनंट? हा शब्द कशाला?"

"दोन वर्षं राहतोय ना, काका."

"अरे, उद्या हा कागद सिटीकडे गेला, टॅक्सवाल्यांकडे गेला तर? बेसमेंटचं भाडं आपण दाखवलंय कुठे?"

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "अहो, बायको यायचीय त्याची. करून टाका ना सही."

"तू मध्ये बोलू नकोस."

मग त्यांनी स्वतः चार ओळी लिहिल्या. हा मुलगा आमच्याकडे कौटुंबिक पाहुणा म्हणून राहिला, स्वभावाने चांगला आहे. खाली तीच शेपटीची सही. मग एक पेढा तोंडात टाकून म्हणाले, "मावा ओरिजिनल दिसतोय."

मॅनेजर बाईंनी पत्र वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तू भाडं भरायचा नाहीस?"

"भरायचो."

"यात तर तू पाहुणा आहेस. हे बघ, मला भाडेकरू हवाय. कुणाचा भाचा नकोय."

त्या संध्याकाळी दूध काढायला फ्रिजपाशी गेलो आणि दार उघडायच्या आधी तसाच उभा राहिलो. 'रूल्स फॉर टेनंट'. दोन वर्षं मी हे पुसत होतो आणि वाचत नव्हतो. नखाने चिकटपट्टी सोडवली आणि शुक्रवारी कागद बाईंसमोर ठेवला.

त्यांनी सतराही नियम वाचले. मग सही पत्राशेजारी धरून पाहिली. दोन्ही शेपट्या सारख्याच होत्या.

"हे सगळं तू पाळलंस?"

"हो."

"दहा मिनिटांत आंघोळ?"

"आठ."

बाई मोठ्याने हसल्या, माझ्यावर नव्हे. "आमच्याकडे एकच नियम आहे. कचऱ्याची पिशवी बांधून टाकायची." आणि त्यांनी खऱ्याखुऱ्या लीजचे कागद माझ्यापुढे सरकवले. त्यावर माझं नाव होतं, बायकोचं होतं. मी सवयीने वाकणार होतो, पण मध्ये काउंटर होता.

सामान हलवलं त्या दिवशी काका बेसमेंट तपासायला खाली उतरले. भिंती पाहिल्या, सिंक पाहिलं, फ्रिजपाशी थांबले. "इथला कागद कुठे गेला?"

"नव्या जागेसाठी दिला, काका. पाहुण्याचं पत्र चाललं नाही. तुमची ती सही फार उपयोगी पडली."

"कॉपी दिलीस ना?"

"ओरिजिनल."

इतक्या मोठ्या माणसाचा चेहरा इतका लहान होताना मी पहिल्यांदाच पाहिला. वाटलं होतं, राग येईल किंवा निदान कीव. आली ती फक्त शिसारी, आणि तीही फार नाही.

वर दारापाशी काकूंनी "येत जा रे दोघं" म्हणून हातात डबा दिला. त्यांच्या पाया मी पडलो. काका शेजारीच उभे होते. त्यांनी सवयीने पाय पुढे केला. मी आणखी एकदा वाकलो, माझ्या बुटाची नाडी बांधली, किल्ली चपलांच्या कपाटावर ठेवली आणि पुढच्या दाराने बाहेर पडलो.