सर्वांत लहान टोपी

लुइसटाउनच्या चर्चमध्ये आर्डिस टोलेफसनइतकी हट्टी बाई दुसरी नव्हती. दवाखान्यातल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी चर्चमधल्या बायका लोकरीच्या टोप्या विणून पाठवत. त्यातली सर्वांत लहान, लिंबावर बसेल एवढी, आर्डिसच विणायची. बाकीच्यांचा ती हातात घेताच धीर सुटायचा.

म्हणूनच राज्याच्या राजधानीत, हेलेनाला, नव्या कायद्याची सुनावणी निघाली तेव्हा तिचं मत कुणी विचारलंसुद्धा नाही. गर्भपातानंतर बाळ जिवंत जन्मलं तर त्याच्यावर उपचार केलेच पाहिजेत, नाहीतर डॉक्टरला तुरुंग, असा तो कायदा. टोप्या विणणारी बाई त्याच्या बाजूनेच बोलणार, हे चर्चमधल्या बर्निसने गृहीत धरलं आणि सुनावणीला निघालेल्या बसमध्ये जुन्या मैत्रिणीला शेजारी बसवून घेतलं. आर्डिस वाटभर गप्प होती. पण बर्निसला स्वतःच्या बडबडीतून ते कळायला फुरसत कुठे!

सुनावणीत आधी बाजूचे बोलतात, मग विरोधातले. बाजूच्यांची रांग लागली तशी बर्निसने तिचं कोपर ओढलं. आर्डिस ढिम्म हलली नाही. विरोधकांना बोलावलं तेव्हा मात्र ती उठली, आणि मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली.

तिने आपल्या मुलीची, कार्लाची, हकिकत सांगितली. कार्लानेच तशी मोकळीक दिली होती. पोटातल्या बाळाची फुप्फुसं तयार झाली नव्हती, होणारही नव्हती. कार्लाने दिवस भरण्याआधीच कळा आणवून घेतल्या. कायद्याच्या लेखी तो गर्भपातच. पोरगा जिवंत जन्मला, आजीची टोपी घालून आईच्या छातीवर थोडा वेळ राहिला आणि तिथेच गेला.

"म्हणजे डॉक्टरांनी काहीच केलं नाही?" सुनावणीच्या अध्यक्षांनी विचारलं.

"केलं ना. दार लावून घेतलं आणि कुणाला आत येऊ दिलं नाही," आर्डिस म्हणाली. "तुमचा कायदा अशा पोराला आईच्या कुशीतून उचलून नेणार, नळ्या घालणार..."

वेळ संपल्याची घंटी वाजली. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"...आणि तो परक्या हातांत मरणार. माझ्या टोपीतलं पोर मी असं नेऊ देणार नाही."

परतीच्या बसमध्ये बर्निस खिडकीकडे तोंड करून बसली होती. शेजारच्या सीटवर तिने पर्स ठेवली होती. आर्डिसने ती उचलून तिच्या मांडीवर ठेवली.

"सरक," ती म्हणाली. "अबोला धरायचाय तर शेजारी बसून धर."

आणि पिशवीतून लोकर काढून तिने सर्वांत लहान टोपीचे टाके घातले.