वाळूच्या धारेवरचा फोटो

आखातात राहणाऱ्या आम्हा लोकांची फोटो काढायची एक रीत होती. गाडी कुणाचीही असो, किल्ली आपल्या हातात दिसली पाहिजे. साहेबाच्या गाडीच्या बॉनेटला टेकायचं, किल्ली बोटात अडकवायची आणि हसायचं. फोटो घरी पोचला की पुढचं काम तिकडचे लोक करत. नव्वदच्या दशकात दुबईतल्या अल मनखूलच्या आमच्या बिल्डिंगमध्ये स्वतःची गाडी असलेली कुटुंबं मोजकीच होती, पण अल्बम बघून कुणाला ते खरं वाटलं नसतं. मी या प्रकाराची टर उडवायचे. नवरा म्हणायचा, "असू दे गं, आईला तेवढाच आनंद."

एका ईदच्या सुट्टीत आम्ही लिवाच्या वाळवंटात गेलो. आम्ही दोघं, आमची लहान लेक आणि नवऱ्याचा वसईचा मित्र. मित्राचं शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात गॅरेज होतं. त्याने पिकअपमध्ये आपली क्वॉड बाइक चढवून आणली होती, वाळूत पळवायची ती चार जाड चाकांची मोटारसायकल. नवऱ्याला कधीपासून ती चालवायची होती.

तिथल्या वाळूच्या टेकड्या आमच्या बिल्डिंगहून उंच होत्या. आमच्या बाजूने चढ सरळ वाटत होता. पलीकडची बाजू मात्र एकदम खाली कोसळत होती आणि ती आम्हाला खालून दिसत नव्हती.

"हे बघ," मित्र म्हणाला, "वाऱ्याकडची वाळू घट्ट असते, हिच्यावरूनच चढ. पण वर धारेवर थांबायचं नाय. पलीकडे वाळू नुसती टेकून उभी असते, जरा वजन पडलं की खलास. आणि आता दुपारची सावली पण नाय, धार कुठे संपते ते दिसणार नाय तुला. वर पोचायच्या आधीच वळव."

"समजलं रे बाबा, यल्ला, निघालो," म्हणत नवऱ्याने बाइक सुरू केली.

दोनदा तो शहाण्यासारखा वळून खाली आला. तिसऱ्यांदा वळला नाही. थेट धारेवर जाऊन थांबला आणि त्याने इंजिन बंद केलं. एकदम इतकी शांतता झाली की मला नको वाटलं. त्याने किल्ली काढली आणि हात उंच केला. आईसाठी फोटो! मित्र ओरडला, "अरे, मागे ये!" कॅमेरा माझ्याकडे होता, मी सवयीने बटण दाबलं. डोळ्यासमोरून कॅमेरा बाजूला केला तेव्हा वर कुणीच नव्हतं.

किंकाळी नाही, धडपडल्याचा आवाज नाही. मग घरघर सुरू झाली, खोल आणि एकसारखी. मला वाटलं विमान. आम्ही तिघांनीही वर पाहिलं, कारण दुबईत तसा आवाज आकाशातूनच येतो. आकाश रिकामं होतं. चटईवरच्या स्टीलच्या डब्याचं झाकण किणकिणायला लागलं, आणि माझ्या लक्षात आलं की आवाज चपलांमधून वर येतोय.

मी टेकडीवर धावणार, तोच मित्राने माझा दंड धरला. "वहिनी, वरून नको. तुमच्या वजनाने उरलेली वाळू पण त्याच्यावर जाईल. खालून वळसा घालू." त्याने जेवणाची परात, डब्यांची झाकणं पिकअपमध्ये फेकली. लेकीने विचारलं, "मम्मा, व्हेअर डिड पप्पा गो?" मी तिला उचलून पिकअपमध्ये बसवलं.

पलीकडचा उतार गुळगुळीत होता. चाकाची एक खूण नाही, जणू तिथे कधी कुणी आलंच नव्हतं. पायथ्याशी बाइकचं हँडल वर आलेलं दिसत होतं आणि शेजारी माझा नवरा, छातीपर्यंत वाळूत. त्याचा पाय बाइकखाली अडकला होता.

"ती बंद कर रे," तो अगदी हळू म्हणाला. "पायाखाली चालू आहे. बंद कर."

मित्राने माझ्याकडे पाहिलं. इंजिन बंद झालेलं आम्ही दोघांनी ऐकलं होतं.

आम्ही परातीने, झाकणांनी उपसायला लागलो. जितकं उपसावं तितकं वरून खाली येई, आणि वाळू सरकली की दर वेळी ती घरघर पुन्हा सुरू होई. वाळू त्याच्या हनुवटीपर्यंत आली. मी झाकण टाकलं आणि दोन्ही हातांचा आडोसा करून त्याचं तोंड मोकळं ठेवलं. मी फार घाबरले होते, आणि त्या टेकडीचा मला इतका राग आला होता की मी तिला शिव्या दिल्या. शेवटी त्याचा पाय बुटातून निसटला. आम्ही त्याला ओढत जेमतेम बाजूला आणलं आणि वरची वाळू पुन्हा सरकली. ती थांबली तेव्हा हँडलही दिसेनासं झालं होतं.

त्याची उजवी मूठ मिटलेलीच होती. घरी जाताना मी त्याची बोटं एकेक करून उघडली. आत किल्ली होती.

पुढच्या शुक्रवारी मित्र माणसं आणि फावडी घेऊन परत गेला. मध्ये दोन दिवस वारा सुटला होता, आणि टेकडी नेमकी कुठली हेच त्याला ओळखता येईना. पुढे त्याने बाइकचा विषय कधी काढला नाही.

फोटो झकास आला होता. निळं आकाश, हसरा नवरा, उंच हातात चमकणारी किल्ली. मी फाडून टाकला असता, पण त्याने तो आईला पाठवला. सासूबाईंनी फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावला. काय झालं ते त्यांना आम्ही कधीच सांगितलं नाही. पुढे कित्येक वर्षं फोन झाला की त्या शेवटी विचारायच्या, "ती गाडी आहे ना रे अजून?"

"आहे, आई," तो म्हणायचा, आणि दोन्ही पाय जमिनीवरून उचलून खुर्चीवर घ्यायचा.