नोफेझिलेचा वळसा

पाण्याला निघाली की नोफेझिले किल्ल्याला लांबलचक वळसा घालायची. ओढा समोर दिसतोय, किल्ल्याच्या अंगणातून सरळ वाट आहे, पण ही बाई आपली डोक्यावर बादली घेऊन बाहेरबाहेरून! किल्ला तरी कसला, इथे दक्षिण आफ्रिकेत आम्हा खोसा लोकांशी लढायला इंग्रजांनी बांधलेला. आता अर्ध्यामुर्ध्या भिंती आणि आत शेळ्या. कुणी हसलं की ती फणकारायची, "हसा मेल्यांनो! तुमच्या सासऱ्याच्या गोठ्यातून तुम्ही जाल का?"

तिचं खरं होतं. किल्ल्याच्या आधी तिथे तिच्या सासरचा गुरांचा गोठा होता. शिपायांनी गोठ्याचेच दगड उपसून भिंती उभारल्या. घरातले कर्ते पुरुष आमच्याकडे गोठ्यात पुरतात आणि तिथे सुनेनं पाऊल टाकायचं नसतं. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासूनं तिला हद्द फिरून दाखवली होती. सासूला तिच्या सासूनं दाखवली होती. किल्ला आला म्हणून सुनांची वाट काही बदलली नाही.

नवरा म्बुयिसेलो सोन्याच्या खाणीत गेला. तिथे दरड कोसळली आणि माणूस खालीच राहिला. असा परमुलखात मेलेला माणूस आम्ही तिथे सोडत नाही. घरचा पुरुष काटेरी झाडाची फांदी घेऊन त्या जागी जातो, त्याला हाक मारतो आणि फांदीबरोबर घरी, गोठ्यात आणतो. पण तेव्हा किल्ला एका गोऱ्या शेतकऱ्याच्या जमिनीत होता आणि फाटकाशी त्याची कुत्री. आणायचं तरी कुठे? कुणी विचारलं की नोफेझिले म्हणायची, "माझा माणूस अजून ड्युटीवरच आहे." लोक हसायचे. तिला हसू यायचं नाही.

पुढे गोरा गेला. सरकारनं पाटी लावली, किल्ला सगळ्यांना उघडा झाला. पण तोवर धाकट्या दिराच्या, झ्वेलिबान्झीच्या, छातीतही खाणीची धूळ जाऊन बसली होती. घरात पुरुष म्हणून तो एकटाच उरलेला. तो गेला की म्बुयिसेलोला हाक मारणारं कुणीच राहणार नव्हतं.

"भावोजी, नंतर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

"जातो गं मामटोलो," तो म्हणाला. आमच्याकडे बाईला तिच्या माहेरच्या कुळावरून हाक मारतात. "मरायच्या आधीच जातो, मेल्यावर टॅक्सीत घेत नाहीत."

आणि खाणीवर गेला. फांदी घेऊन परतताना वाटेत कुणाशी चकार शब्द बोलायचा नसतो, आणि मेलेल्यासाठी वेगळी सीट धरायची असते. गावोगावची माणसं कोंबून नेणाऱ्या टॅक्सीत एक जाडजूड बाई चढली. "फांदीला सीट आणि मी उभी? मुका आहेस का रे?" झ्वेलिबान्झी गप्प. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, तिथे माणूस बसलाय." बाईनं लगेच डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि फांदीला म्हणाली, "चुकलं हो बाबा, बसा."

इकडे माणसं जमली होती, मक्याची बियर आंबवून तयार होती. झ्वेलिबान्झी धापा टाकत आला आणि सरळ किल्ल्याच्या मोठ्या दाराकडे निघाला. नोफेझिले बाहेर तिच्या वाटेवर उभी होती.

"भावोजी, थांबा! ते शिपायांचं दार! यांना काय शिपायांकडे नेऊन बसवताय?"

चार वडीलधाऱ्यांसमोर सून ओरडली! बायकांनी शालीची टोकं तोंडाला लावली. झ्वेलिबान्झीला अजून बोलायचं नव्हतं; त्यानं नुसते डोळे वटारले. तिनं हनुवटीनं पूर्वेची ढासळलेली भिंत दाखवली. "गोठ्याचं तोंड तिकडे, घराकडे. सासूबाईंनी दाखवलंय."

त्यानं त्या दगडांच्या ढिगाकडे पाहिलं, आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग फांदी काखेत मारून हातापायांवर रांगत, खोकत, तो ढीग चढून आत उतरला.

फांदी जमिनीवर ठेवून त्यानं एकदाचं तोंड उघडलं. बापजाद्यांची नावं घेतली. "दादा, आलास बघ घरी." एवढं बोलला आणि खोकल्यानं त्याला धरलं. मग मागे वळून म्हणाला, "मामटोलो, आत ये."

"मी?"

"या घरचा पुरुष बोलावतोय. माझा दम संपला. पुढचं तू बोल."

नोफेझिले जागची हलेना. इतक्या वर्षांची सवय, पाय उचलतो थोडाच! शेवटी तिनं शाल अंगाभोवती घट्ट ओढली आणि दगडांवरून आत आली. काय बोलायचं ते तिनं कितीदा मनाशी घोकलं होतं, सगळं मानाचं, आदबीचं. तोंडातून निघालं भलतंच.

"कुठे होतात इतकी वर्षं? छप्पर गळतंय, लाल गाय मेली, पोरीचं लग्न मी एकटीनं केलं! एकटीनं!" आणि तिचा बांध फुटला. बाई लहान पोरीसारखी रडली.

"अगं, आत्ताच आलाय तो," झ्वेलिबान्झी हळूच म्हणाला. "जरा टेकू दे त्याला."

"टेकू दे की," नाक पुसत ती म्हणाली. "आता कुठे जायचंय त्यांना?" आणि ती फांदीशेजारी जमिनीवर बसली.